‘हे कोण?’ : एका सेल्स पेजचं प्रकरण

"पान वाचल्यावर मलाच माझा कोर्स घ्यावासा वाटत नाही," मॅडम फोनवर म्हणाल्या. सेल्स पेज, म्हणजे वेबसाइटवरचं विक्रीचं पान, लिहून घ्यायला येणाऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात नेमकी तक्रार. बाकीचे बहुतेक जण ‘कन्व्हर्जन’पासून, म्हणजे पान बघणाऱ्यांतले किती जण विकत घेतात इथपासून, सुरुवात करतात.

मॅडमनी नोकरीची सगळी वर्षं एका अभिलेखागारात काढली. पिवळे पडलेले कागद, एकमेकांना चिकटलेले फोटो, कडा झडलेले नकाशे यांत. निवृत्तीनंतर त्यांनी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स सुरू केला: घरातले जुने फोटो सांभाळायचे कसे, स्कॅन करायचे कसे, त्यांची नोंद ठेवायची कशी. ज्यांनी कोर्स केला ते खूश होते. वर्ष उलटून गेल्यावरही काही जण मेलवर शंका विचारत आणि मॅडम उत्तरं देत. नवे लोकही येत होते. मॅडमचे लेख वाचायचे, लेखाखालच्या दुव्यावरून विक्रीच्या पानावर यायचे आणि तिथून निघून जायचे.

मॅडमचं आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं नाव-गाव इथे देत नाही. त्या पानाचं काय झालं ते मात्र सगळं सांगतो, माझ्या एका मोठ्या चुकीसकट.

जुनं पान

जुनं पान एका एजन्सीने तयार साच्यात बसवून दिलेलं होतं. वर मोठ्या अक्षरात: ‘तुमच्या अमूल्य आठवणी कायमच्या जतन करा!’ त्याखाली विकत घेतलेला फोटो: एक हसरं कुटुंब, सगळ्यांचे दात एकसारखे पांढरे, सोफ्यावर अल्बम उघडून बसलेलं. मग ‘तुम्ही काय शिकाल’ अशी यादी. ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅनिंग, टिफ आणि जेपेग या फाइल-प्रकारांमधला फरक, मेटाडेटा (फोटोसोबत ठेवायची माहिती), बॅकअपची पद्धत. मग लाल आकड्यांचा टायमर: सवलत संपायला तीन तास. मी दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडलं तर तिथेही तीनच तास. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीन तास. मॅडमना हे माहीतच नव्हतं. कळल्यावर त्यांनी माझ्याशी बोलता बोलताच एजन्सीला मेल लिहिला आणि टायमर त्या संध्याकाळी गेला. नव्या पानावरचं पहिलं काम असं आपोआपच झालं.

हेडलाइन तपासायची माझी एक साधी रीत आहे. ती उचलून दुसऱ्या कोणाच्या तरी दारावर लावून बघायची. ‘तुमच्या अमूल्य आठवणी कायमच्या जतन करा’ ही ओळ फोटो फ्रेमच्या दुकानावर चालते, क्लाउड स्टोरेजवर चालते, लग्नाचं शूटिंग करणाऱ्यावर चालते, बँकेच्या लॉकरवरही चालून जाईल. जी ओळ सगळीकडे बसते ती वाचणाऱ्याला कुठेच धरत नाही. शिवाय ‘अमूल्य आठवणी’ हा शब्द घरात कोण वापरतं? पुढे मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या एकानेही तो उच्चारला नाही. सगळे म्हणत होते ‘ते खोकं’. कोणाकडे बुटांचं, कोणाकडे बिस्किटांचं पत्र्याचं, एकाकडे तर बंद पडलेल्या मिक्सरचं. पण खोकं.

तरी हे पान वाईट हेतूने लिहिलेलं नव्हतं. त्यातला एकही तांत्रिक मुद्दा चुकीचा नव्हता. ते वस्तूकडे बघून लिहिलं होतं, एवढंच. लिहिणाऱ्याने कोर्स पाहिला, त्यातले धडे मोजले आणि त्यांना विशेषणं लावली. कोर्स घेणारं माणूस त्याने पाहिलंच नव्हतं.

दहा दिवस काहीच लिहिलं नाही

मॅडमना वाटलं होतं, मी दोन दिवसांत मसुदा पाठवीन. मी त्यांच्याकडे तीन गोष्टी मागितल्या: त्यांना आलेले सगळे जुने मेल, कोर्स केलेल्या आठ जणांशी बोलायची परवानगी, आणि ज्यांनी चौकशी केली पण फी भरली नाही अशांपैकी जे बोलायला तयार होतील ते. तिसऱ्या मागणीवर त्या जरा अडखळल्या. "नाही म्हणालेल्या माणसाला पुन्हा कशाला त्रास द्यायचा?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून मेलमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं की विकायचं काही नाही, वीस मिनिटं बोलायचं आहे, नको असेल तर उत्तरही देऊ नका. तिघे तयार झाले. हे तिघे नसते तर पुढचं बरंचसं सुचलं नसतं.

असं बोलताना काय विचारायचं यापेक्षा काय विचारायचं नाही हे मी ठोकर खाऊन शिकलो आहे. ‘कोर्समध्ये काय आवडलं?’ असं विचारलं की माणूस सभ्यपणे कौतुक करतो. ‘तुमच्या अडचणी काय होत्या?’ म्हटलं की त्याला वाटतं परीक्षा आहे, आणि तो विचार करून उत्तर बनवतो. बॉब मोएस्टा आणि त्यांच्यासारखे संशोधक खरेदीच्या मुलाखती घेतात तेव्हा मताऐवजी घटनाक्रम विचारतात: कोणता दिवस, कुठे होतात, त्याआधी काय झालं, सोबत कोण होतं. मीही तेच करतो. मत विचारलं की माणूस शोभेसं उत्तर देतो, दिवस विचारला की त्याला आठवावंच लागतं.

एका गृहस्थांशी झालेलं बोलणं असं:

"फी भरली त्या दिवशी काय चाललं होतं?"

"विशेष काही नाही. बरेच दिवस मनात होतं."

"वार आठवतो?"

थोडा वेळ गप्प. मग, "रविवार असणार. कारण शनिवारी आत्याकडे गेलो होतो."

आणि मग गोष्ट निघाली. ते खोकं घेऊन आत्याकडे गेले होते. आत्याने चाळीस-पन्नास फोटोंमधली माणसं धडाधड सांगितली: हा कोण, ती कोणाची, इथे कोण रुसून बाजूला उभं आहे. हे हसत ऐकत बसले. घरी येईपर्यंत निम्मी नावं डोक्यातून गेली. रात्री घाईघाईने फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहायला घेतलं. तिसऱ्या की चौथ्या फोटोला लक्षात आलं की पेन दाबून लिहिल्याने पुढच्या बाजूला वळ उमटलाय, नेमका आजोबांच्या गालावर. तिथे ते थांबले. फोनवर शोधलं: फोटोच्या मागे कशाने लिहावं. मॅडमचा लेख सापडला. रविवारी फी भरली.

या सगळ्यात स्कॅनर कुठेच नाही. डीपीआय नाही. ‘जतन’ हा शब्द नाही. एका माणसाला नावं माहीत आहेत, ती कुठेतरी उतरवून घ्यायची आहेत, आणि उतरवता उतरवता फोटोच बिघडवला तर काय, ही धास्ती आहे.

आठपैकी सहा जणांच्या गोष्टीत असाच कोणीतरी होता: आत्या, मामा, मोठी बहीण, शेजारच्या आजी. कोणाच्या घरी श्रद्धांजलीसाठी फोटो हवा होता आणि चार बायकांच्या ग्रुप फोटोत आजी नेमकी कोणती यावरून तीन भावंडांत तीन मतं पडली. मेलमध्ये तोच धागा. मी मेलमधली वाक्यं जशीच्या तशी एका फाइलीत उतरवत होतो आणि ‘हे कोण’ हे दोन शब्द इतक्यांदा आले की मी त्यांवर खूण करणं सोडून दिलं.

फी न भरलेल्या तिघांपैकी एक बाई म्हणाल्या, "माझ्याकडे स्कॅनर नाही, म्हटलं हे आपल्यासाठी नसणार." दुसरे म्हणाले, "बाराशे फोटो आहेत. एकदा हात घातला की संपणार नाही, मग घरभर पसारा, त्यापेक्षा खोकं बंद बरं." तिसरीचे निम्मे फोटो बहिणीकडे होते आणि बहिणीशी बोलणं बंद होतं. त्यावर कोणतंही सेल्स पेज काही करू शकत नाही, आणि करायचा प्रयत्नही करू नये.

मोएस्टांच्या मांडणीत खरेदीवर चार बळं काम करतात: आत्ताच्या परिस्थितीचा मागून येणारा धक्का, नव्या गोष्टीची ओढ, नव्या गोष्टीची धास्ती आणि जुन्या सवयीची पकड. जुनं पान सगळा जोर ओढीवर लावत होतं. पण या माणसांना ओढ आधीपासून होती. त्यांना अडवत होती ती धास्ती (बिघडलं तर? संपलंच नाही तर?) आणि सवय, म्हणजे खोकं पलंगाखाली ढकलून देण्याची. या दोन्हींबद्दल पानावर एक शब्द नव्हता.

आणखी एक गोष्ट दिसली. युजीन श्वार्ट्झ या अमेरिकन जाहिरात-लेखकाने १९६६ मध्ये ग्राहकाच्या जाणिवेच्या पाच पायऱ्या मांडल्या. अडचणीचीच जाणीव नसलेला, अडचण कळलेला, उपाय असतात हे माहीत असलेला, हा विशिष्ट माल माहीत असलेला, आणि फक्त व्यवहाराची वाट बघणारा. कोणत्या पायरीवरच्या माणसाशी बोलतो आहोत यावर पहिलं वाक्य ठरतं. मॅडमच्या पानावर येणारे बहुतेक जण त्यांच्या दोन लेखांवरून येत होते. एक लेख मागे लिहिण्याबद्दल, दुसरा चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवण्याबद्दल. म्हणजे सगळे दुसऱ्या पायरीवरचे. पान मात्र तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्याशी बोलत होतं, जणू वाचणारा चार कोर्सची तुलना करत बसलाय आणि टिफ आहे की नाही एवढंच बघायचं राहिलंय.

माझा मसुदा आणि मॅडमचा नकार

आता माझी चूक.

एवढं सगळं हाताशी आल्यावर मला हेडलाइन पाच मिनिटांत सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो:

‘आई गेल्यावर ‘हे कोण?’ हे कोणाला विचाराल?’

ही ओळ दुसऱ्या कोणाच्या दारावर बसत नव्हती. ती थेट मुलाखतींतून आली होती, शब्दही लोकांचेच होते. माझ्या हिशेबात हे पान आता लोकांशी ‘खरं’ बोलत होतं.

मॅडमनी मसुदा वाचून संध्याकाळी फोन केला. "लिहिलंय ते खरं आहे. पण मी हे कोणाच्या तोंडावर बोलणार नाही."

मी थोडा वाद घातला. म्हणालो, मॅडम, लोक हेच म्हणतायत, आपण फक्त त्यांचेच शब्द त्यांना परत देतोय.

"अहो, पण माझ्याकडे येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांची आई आधीच गेलेली असते. म्हणून तर खोकं त्यांच्याकडे आलेलं असतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइल पुन्हा उघडली. आठ मुलाखतींपैकी तीन खोकी आई किंवा वडील गेल्यावर घर आवरताना हाती आलेली होती. मी ते ऐकलं होतं, लिहूनही घेतलं होतं, आणि हेडलाइनच्या नादात विसरलो होतो. या तिघांनी ती ओळ वाचली असती तर त्यांना कळलं असतं ते एवढंच की तुम्हाला उशीर झाला. आणि ज्यांची आई आहे त्यांना मी जे माहीत आहे तेच बोचऱ्या स्वरात सांगणार होतो, त्यांच्या हातात काहीही न देता.

भीती दाखवून विकणारे लोक नेहमी खोटं बोलत नाहीत, हे मला तेव्हा नीट कळलं. माझी ओळ खरी होती. मी टायमर काढायला लावला आणि त्याच्या जागी माणसाचं आयुष्य टायमर म्हणून लावलं.

मी मॅडमना विचारलं, आत्याकडून परत आलेला माणूस रविवारी तुमच्या दारात खोकं घेऊन उभा राहिला तर त्याला तुम्ही पहिलं वाक्य काय सांगाल? त्या लगेच म्हणाल्या, "सांगीन, बसा. पेन खाली ठेवा. आधी फक्त नावं लिहू."

पानासाठी कोर्स बदलावा लागला

इथे एक अडचण आली. ‘आधी नावं लिहू’ हे पानावर लिहायचं तर कोर्समध्ये तसं असायला हवं. नव्हतं. पहिल्या आठवड्यात स्कॅनरची सेटिंग्ज होती आणि नावांची नोंद पाचव्या आठवड्यात मेटाडेटाच्या धड्यात दडलेली होती. अभिलेखागारात काम त्या क्रमाने चालतं हे मॅडमनी सांगितलं: वस्तू आली, सुरक्षित केली, प्रतिमा घेतली, मग वर्णन. घरी मात्र घाई वर्णनाची असते, कारण वर्णन कागदावर नसतं, माणसात असतं.

मी नुसतं पान बदलून मोकळा होऊ शकलो असतो. पण पहिल्या ओळीत एक सांगायचं आणि फी भरल्यावर पहिल्या धड्यात यूएसबी केबल दाखवायची, यात विश्वास जायला एक संध्याकाळ पुरते. मॅडमनी तीन आठवडे घेतले आणि धड्यांचा क्रम फिरवला. पहिला आठवडा: फोटोला क्रमांक देणं, फोनवर साधा फोटो काढून घेणं, तो सांगणाऱ्या माणसाला दाखवणं, तो बोलत असताना आवाज रेकॉर्ड करणं. मूळ फोटो हाताळायचाच नाही. दुसरा आठवडा: मागे लिहिणं. तिसऱ्यापासून अल्बम सोडवणं, स्कॅनिंग वगैरे.

त्या तीन आठवड्यांत माझं लिखाण ठप्प होतं आणि बिलही पाठवता येत नव्हतं. कोणी विचारतं, सेल्स पेज लिहायला इतका वेळ का लागतो, तेव्हा मला हे आठवतं.

नवं पान, जवळून

हेडलाइन शेवटी अशी ठरली:

‘खोकं उघडा. पहिल्या आठवड्यात फक्त नावं लिहू.’

त्याखाली: ‘घरातल्या जुन्या फोटोंसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स. आधी माणसांची ओळख, मग स्कॅनिंग. पहिल्या दोन आठवड्यांना स्कॅनर लागत नाही. फोन आणि एक मऊ पेन्सिल पुरते.’

हसऱ्या कुटुंबाच्या जागी मॅडमच्या स्वतःच्या टेबलाचा फोटो आला: उघडं खोकं, उलटा ठेवलेला एक फोटो, शेजारी पेन्सिल. प्रकाश जरा कमी होता. तो तसाच ठेवला.

पुढचा परिच्छेद जुन्या पानावर नव्हता आणि मला तो पानाचा कणा वाटतो:

‘बॉलपेनने लिहू नका. दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि काही शाया वर्षांनी पाझरतात. फोटो स्वच्छ, कडक पृष्ठभागावर उलटा ठेवा आणि कडेला, चेहऱ्यांच्या मागे येणार नाही अशा जागी, मऊ पेन्सिलने हलकं लिहा. कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत असेल तर पेन्सिल उमटणार नाही. जोर लावू नका, फोटोच्या पाकिटावर लिहा. आजच्यासाठी एवढं पुरेसं आहे.’

मॅडमना शंका होती: हे तर कोर्समधलंच आहे, फुकट का द्यायचं? शिवाय, "हे काय सांगण्यासारखं आहे? आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं." त्यावर मी त्यांना क्लॉड हॉपकिन्सची गोष्ट सांगितली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा जाहिरात-लेखक श्लिट्झ बिअरचा कारखाना बघायला गेला. बाटल्या वाफेने कशा धुतात, पाणी कुठल्या खोल विहिरीतून येतं, हे बघून त्याने विचारलं, हे लोकांना का सांगत नाही? मालक म्हणाले, यात काय, सगळेच असं करतात. हॉपकिन्सने तेच लिहिलं. इतर कारखानेही करत होते, पण सांगितलं नव्हतं कोणी. ज्याला धंद्यातला माणूस ‘यात काय’ म्हणतो, ते बाहेरच्या माणसाने पहिल्यांदाच ऐकलेलं असतं. आणि फुकट देण्याबद्दल म्हणाल तर, वळ उमटण्याची धास्ती घेऊन आलेल्या माणसाला पानावरच एक सुरक्षित पाऊल मिळालं की पुढची पावलं या बाईंकडून शिकावीत असं त्याला वाटतं. न वाटलं तरी त्याचा पुढचा फोटो बिघडण्यापासून वाचला.

डीपीआय गेलं नाही, खाली गेलं, आणि त्याची भाषा बदलली. जुन्या यादीत नुसतं ‘६०० डीपीआय, टिफ’ होतं. आता: ‘चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेलची प्रतिमा मिळते. कॉम्प्रेस न केलेल्या टिफमध्ये ती साधारण २६ एमबी होते, म्हणजे हजार फोटो सुमारे २६ जीबी. एका पेन ड्राइव्हवर मावतात. पण एकाच पेन ड्राइव्हवर ठेवू नका.’ आणि मग तीन-दोन-एकचा नियम: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. तोच आकडा, पण आता तो ‘बाराशे फोटो आहेत, संपणार नाही’ म्हणणाऱ्या गृहस्थांना उत्तर देत होता.

त्याच गृहस्थांसाठी आणखी एक ओळ: ‘सहा आठवड्यांत तुमचं खोकं पूर्ण होणार नाही. कोर्समध्ये आपण पन्नास फोटो शेवटपर्यंत नेतो. उरलेल्यांची पद्धत तुमच्या हातात असेल.’ ही ओळ विक्रीच्या पानावर ठेवावी का यावर मी स्वतःच एक दिवस घालवला. ‘पूर्ण होणार नाही’ हे शब्द लिहिताना बोट अडतंच. पण त्यांची धास्ती खरी होती. खोकं सहा आठवड्यांत संपत नाही हे त्यांना माहीत होतं आणि मॅडमनाही. फक्त पानाला माहीत नव्हतं.

कोणी हा कोर्स घेऊ नये, तेही लिहिलं: फाटलेले किंवा भिजून चिकटलेले फोटो दुरुस्त करायचे असतील तर हा कोर्स उपयोगाचा नाही, त्यासाठी संवर्धन करणारा जाणकार गाठा. फक्त स्कॅन करून हवे असतील तर स्कॅनिंगची सेवा स्वस्त पडेल.

अभिप्रायांचं काम सोपं होतं. ‘खूप छान कोर्स’, ‘मॅडम फार प्रेमाने शिकवतात’ हे काढलं आणि मुलाखत दिलेल्यांना विचारून त्यांच्याच शब्दांतल्या तीन गोष्टी घातल्या. आत्याची गोष्ट पहिली. गालावरच्या वळाचा उल्लेख ठेवू का, असं त्या गृहस्थांना मुद्दाम विचारलं. म्हणाले, "ठेवा की. तोच तर मुद्दा आहे."

बटणावर ‘आत्ताच नोंदणी करा!’च्या जागी ‘कोर्सला नाव नोंदवतो / नोंदवते’ आलं. फॉर्ममधून फोन नंबर काढला, कारण मॅडम कोणाला फोन करणारच नव्हत्या. फी आणि परताव्याची अट बटणाच्या अगदी वर, लपवून नाही. उपशीर्षकं अशी लिहिली की फक्त तीच वाचत खाली गेलं तरी गोष्ट कळावी. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांच्या १९९७ च्या पाहणीत ७९ टक्के लोक नवं पान वाचत नव्हते, नुसती नजर फिरवत होते. मोबाइलवर हे बदललं असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

मग काय झालं

नाव नोंदवणारे वाढले. मॅडमच्या मानाने बऱ्यापैकी वाढले. पण हे माझ्या लेखणीने झालं असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास कोर्सचा क्रम बदलला, टायमर गेला, मॅडमनी एक नवा लेखही लिहिला. ओळखीतल्या एकाने सुचवलं, जुनं आणि नवं पान निम्म्या-निम्म्या लोकांना दाखवा, कळेल. त्यांच्या आकड्यांत ते कळणार नव्हतं. समजा एका पानावर २०० जण आले आणि चौघांनी फी भरली, दुसऱ्यावर २०० आले आणि सात जणांनी भरली. बघायला जवळजवळ दुप्पट, पण एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. नोंदणी दोन टक्क्यांवरून तीनवर गेली हे बऱ्यापैकी खात्रीने पकडायचं तर प्रत्येक पानावर साधारण ३,८०० माणसं लागतात. मॅडमकडे तेवढे लोक यायला काही वर्षं गेली असती. लहान व्यवसायाने चाचणीच्या नादी लागण्यापेक्षा आठ माणसांशी नीट बोलावं, असं माझं मत आहे. मुलाखतींवर पोट भरणाऱ्याचं मत आहे, तेव्हा तेवढ्याच बेताने घ्या.

एक बदल मात्र मोजायला आकडेमोड लागली नाही: मेल. पूर्वी लोक विचारायचे ‘कोणता स्कॅनर घेऊ?’ आता येणारे मेल लांबलचक असतात आणि त्यांत माणसं असतात. कोणीतरी लिहिलं की दोन फोटोंत एकच अनोळखी पुरुष आहे, एकात लग्नात, एकात अंत्ययात्रेत, आणि घरात कोणालाच तो कोण हे माहीत नाही.

असे मेल वाढल्यावर मॅडमनी पानाच्या तळाशी एक प्रश्न घातला: नावं सांगणारं कोणीच उरलं नसेल तर? उत्तर त्यांनीच लिहिलं. ‘तर मागे ‘ओळख पटलेली नाही’ असं लिहा. खाली आजची तारीख लिहा आणि कोणाकोणाला विचारून पाहिलं त्यांची नावं लिहा. स्टुडिओचा शिक्का असेल, मागे एखादी इमारत किंवा पाटी दिसत असेल, तर तेही टिपून ठेवा, कारण उद्या दुसऱ्या कोणाच्या खोक्यात हाच माणूस सापडू शकतो. नाव लिहिता आलं नाही म्हणून त्याला नोंदीबाहेर ठेवू नका.’

मला ‘कारण उद्या’पासूनचा भाग पाल्हाळ वाटला. तेवढा कापून मी उत्तर परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर मॅडमनी तो पुन्हा होता तिथे लावला होता.